मोकळ्या जागेचे मोल
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च किंवा तरुणांचा व्यवसाय यांविषयी बोलण्याचा आपला प्रघात आहे. आज आम्ही जमीन हा काहीसा रूक्ष वाटणारा विषय घेतला आहे, त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. वसतिगृहाच्या पिछाडीस असलेल्या मोकळ्या पटांगणावर बहुमजली इमारत उभारावी, तिच्यातील काही भाग संस्थेस सभागृहासाठी व मुलींच्या वसतिगृहासाठी द्यावा, थोडी जागा बाग म्हणून राखावी आणि उरलेले सर्व बांधकाम विकासकाने विकावे, असा एक प्रस्ताव कार्यकारी मंडळाकडे आला आहे. तो लवकरच सर्वसाधारण सभेपुढे येईल. त्यावर हात वर करण्यापूर्वी अशा व्यवहारांचे स्वरूप आपण नीट समजून घ्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

कोल्हापुरातील ज्ञातिसंस्थांच्या जागा हा या नगरीचा एक आगळा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांची सोय झाली. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेले, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोणास जागा, कोणास इमारत, तर कोणास वार्षिक अनुदान, असे त्या साहाय्याचे रूप होते. महाराजांनी ज्ञातीज्ञातींस आश्रय दिला, तो ज्ञातीने आपल्याभोवती कुंपण घालावे म्हणून नव्हे. खेड्यातून आलेला मुलगा शहरात टिकावा आणि शिकून सर्व समाजाच्या उपयोगी पडावा म्हणून. ज्या जागेस असा उगम आहे तिच्याविषयी बोलताना केवळ बाजारभावाची भाषा अपुरी पडते.

बाजारभाव तरी कोणी वाढविला? १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली गेली आणि गुळाच्या सौद्यांनी तिला ऊर्जितावस्था आली. मागाहून राजारामपुरी, लक्ष्मीपुरी वसल्या. रस्ते झाले, नळ आले, शाळा व इस्पितळे निघाली. आजूबाजूच्या लक्षावधी लोकांच्या श्रमाने जमिनीस किंमत आली. मालक मात्र पुष्कळदा स्वस्थ बसून होता. म्हणूनच जमिनीच्या वाढलेल्या किमतीतील काही वाटा समाजास परत मिळाला पाहिजे, हे तत्त्व न्याय्य होय. इंग्लंडातील बर्कनहेड या गावी १८४७ साली सार्वजनिक पैशांतून एक मोठी बाग खुली झाली. तेथील नगरशासनाने बागेसाठी लागणाऱ्या जमिनीहून अधिक जमीन घेतली आणि बागेभोवतालचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढण्याची योजना केली. बागेमुळे शेजारच्या भूखंडास जो भाव आला, तो नगराच्याच उपयोगी पडला. आज आपल्याकडे बाग दाखवून सदनिका विकल्या जातात, त्यांतही बागेचे मोल वसूल होतच असते. फरक इतकाच की, ते कोणाच्या खिशात जाते हे पाहावे लागते.

आपल्या राज्यातील दोन उदाहरणे पाहू. मुंबईतील कापड गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या. त्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली असा नियम झाला की, पुनर्विकास करताना स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळास सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकास मिळावी. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करावयाची ती सबंध जमिनीची नव्हे, तर जी आधीच मोकळी आहे तेवढीच, असा तिचा परिणाम झाला. गिरणीच्या इमारतीखालची जमीन हिशेबातून वगळली गेली आणि नगराचा वाटा फार आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. ‘जमीन’ आणि ‘मोकळी जमीन’ यांत एका शब्दाचे अंतर आहे, परंतु त्या एका शब्दात कित्येक क्रीडांगणे विरून गेली. करारातील शब्द हेच खरे कुंपण असते, हा धडा आपण घ्यावा.

दुसरे उदाहरण महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचे. या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. २०२४ साली झालेल्या निर्णयानुसार १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, अशी विभागणी ठरली. येथे निदान एकरांचे आकडे स्पष्ट आहेत व लोकांस ते विचारता येतात. ज्या व्यवहारात सार्वजनिक वाटा आकड्यांनी मांडलेला असतो, त्याचा जाब मागता येतो. ‘पुरेशी हिरवळ राखण्यात येईल’ अशा मोघम वाक्याचा जाब कोणाकडे मागणार?

आपल्या करवीर नगरीसही असा अनुभव आहे. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात सुमारे ४९ किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीने बांधावयाचे, तिने ३० वर्षे टोल घ्यावयाचा आणि टेंबलाईवाडी येथील एक भूखंडही तिला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळावयाचा, अशी योजना होती. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली नागरिक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. कोल्हापूरकरांच्या जागरूकतेचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि करारावर सही झाल्यानंतर झगडण्यात जी शक्ती खर्ची पडते, तिचा दशांशही सहीपूर्वी करार वाचण्यास लागत नाही.

नगरपालिका अशा देवघेवीकडे का वळतात, हेही समजून घ्यावे. विकास आराखड्यात बागेचे आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे नव्हे. जमीन संपादण्यास पैसा लागतो. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन अथवा करार झाला नाही, तर मालकास नोटीस देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणून रोख रकमेऐवजी अन्यत्र बांधकामाचा हक्क देऊन जमीन मिळविण्याची प्रथा पडली. प्रथा वाईट नाही. मात्र तिच्यात एक खोच आहे. जेथे पुराच्या पाण्यामुळे मुळातच बांधकाम होऊ शकत नाही, अशी जमीन उदारपणे ‘बागेसाठी’ पुढे करावयाची आणि तिच्या बदल्यात चांगल्या वस्तीत मजले चढवावयाचे, असा प्रकार कोठेही संभवतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने आपल्या हद्दी आपणच आखून दाखविल्या आहेत. पाणी मुरावयास व पसरावयास जागा ठेवणे हे उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.

आता आपल्या पटांगणाकडे वळू. प्रस्ताव फेटाळावा असे आमचे म्हणणे नाही. वसतिगृहाचे छप्पर गळते, शिकावयास येणाऱ्या मुलींची सोय अपुरी आहे आणि केवळ वर्गणीवर इमारत उभी राहत नाही, हे आम्ही जाणतो. तरुण सभासद अधीर झाले असतील तर त्यांचा दोष नाही. पण तेच पटांगण सकाळी आपली मुले वापरतात आणि सायंकाळी साऱ्या गल्लीची. त्यांत कोणाची ज्ञात कोणी विचारीत नाही. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो, इमारत पुन्हा बांधता येते. शहराच्या मध्यभागी गेलेली मोकळी जागा परत मिळत नाही. यास्तव आम्ही पाच गोष्टी सुचवितो.

पहिली, जमिनीची मूळ सनद व मिळकतपत्रिका सभेत वाचली जावी. जागा विशिष्ट कारणासाठी दिलेली असेल, तर त्या अटी आपणांस बांधील आहेत आणि शासनाच्या अनुज्ञेवाचून पाऊल टाकता येणार नाही. दुसरी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी म्हणजे अडथळा नव्हे, ती आपल्या पुढील पिढीची ढाल आहे. तिसरी, जमिनीची मालकी संस्थेकडेच राहावी आणि एकाच प्रस्तावावर विसंबून न राहता जाहीर निविदा मागवाव्या. चौथी, बागेचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये नकाशावर दाखवावे आणि आधी वसतिगृह व बाग ताब्यात, मग विक्री, हा क्रम करारात लिहावा. पाचवी, बागेत शेजाऱ्यांच्या मुलांस प्रवेश राहील आणि तिच्या देखभालीचा खर्च कोण करील, हे नमूद व्हावे. नाहीतर दोन पावसाळ्यांत तेथे वाहने उभी राहू लागतील.

नियमांचा आधार आपणांस आहे. ४,००० चौरस मीटर वा अधिक जमिनीचे रेखांकन करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. बंगळूर येथे बागेसाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहास दिली गेली, तेव्हा रहिवाशांनीच दाद मागितली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा पक्ष उचलून धरला. मोकळ्या जागेचा रक्षक होण्याचा अधिकार सामान्य नागरिकास आहे, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले. मग जी संस्था स्वतःच जागेची विश्वस्त आहे, तिची जबाबदारी किती मोठी!

बांधवहो, विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. देणाऱ्याचा हेतू आणि पुढे येणाऱ्याची गरज यांच्यामध्ये उभा असलेला तो राखणदार होय. सभेस येताना प्रत्येक कुटुंबाने प्रस्तावाची प्रत वाचून यावे, घरातील स्त्रियांचे मत विचारावे, वसतिगृहातील मुलांचेही ऐकावे. मग जो निर्णय होईल तो एकदिलाने पाळू.