विकास-शुल्काचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळात लोणची-पापड, विणकाम, भजन यांवर पुष्कळ बोलणे होते. आज मी नगरपालिकेच्या विकास-शुल्काविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे खरा, पण घरावर एक खोली चढवायची म्हटली की तो थेट आपल्या डब्यातल्या पैशांना हात घालतो.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या लग्नाआधी वर खोली बांधायचे काढले. विटा, वाळू, गवंड्याची मजुरी, सारे वहीत मांडलेले. नकाशा मंजुरीला गेला तेव्हा शुल्काचा आकडा निघाला, आणि फरशीसाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले. घरपट्टी भरतोच ना आम्ही, असे त्या म्हणाल्या. पण घरपट्टी दरवर्षीची. हे शुल्क बांधकामाची परवानगी घेताना एकदाच द्यायचे.

नगररचनेचा कायदा १९६६ चा. त्यात विकास-शुल्काचे प्रकरण १९९२ साली घातले. आरंभी चौरस मीटरमागे ठरीव रुपये असत. पुढे हे दर जमिनीच्या बाजारमूल्याच्या सरकारी तक्त्याला, म्हणजे रेडी रेकनरला, जोडले. राहत्या घरासाठी जमिनीवर त्या दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के. दुकानाला याच्या दुप्पट.

हिशेब सोपा आहे, वाणसामानाच्या यादीसारखाच मांडा. समजा, तक्त्यात जमिनीचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये आहे. जागा १०० चौरस मीटर, नवे बांधकाम ६०. जमिनीचे झाले १०,०००, बांधकामाचे २४,०००, एकूण ३४,०००. दर २१,००० झाला की तेच ३५,७०० होतात. म्हणजे शुल्क वाढविण्यासाठी नगरपालिकेला वेगळा ठराव करावा लागत नाही; तक्ता बदलला की ते आपोआप वाढते. २०२३ व २०२४ साली तक्त्यातले दर वाढले नाहीत, १ एप्रिल २०२५ ला वाढले. तेव्हा ज्यांच्या घरी बांधकाम निघणार आहे त्यांनी मार्चअखेर जवळ आली की यजमानांना आठवण करावी. पुरुषांना हे लक्षात राहत नाही!

दर वेळोवेळी सुधारावे, हे मला मान्य आहे. वर्षानुवर्षे एकच दर ठेवायचा आणि मग एकदम डोक्यावर धोंडा घालायचा, त्यापेक्षा थोडे थोडे वाढलेले बरे. नळाची पाइप, गटाराचे सिमेंट जुन्या भावाने कोण देतो? पण एक खटकते. तक्ता चालतो जमिनीच्या खरेदी-विक्रीवर. रस्त्यापलीकडे मोठ्या इमारती झाल्या, भाव चढला, की आमच्या गल्लीचाही दर चढतो. ज्या बाईला घर विकायचे नाही, सुनेला निजायला जागा करायची आहे, तिच्या हाती त्या भावातला एक पैसा येत नाही. शुल्क मात्र त्या भावाने.

आणि दिलेल्या पैशाचे काय होते? कायद्याने हे शुल्क वेगळ्या विकास-निधीत ठेवावे लागते आणि त्या भागातील सार्वजनिक सोयींसाठी व सुधारणेसाठीच खर्चावे लागते. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत पाच घरे वाढली, पाच घरांनी शुल्क भरले. गटार मात्र उघडेच. पावसाळ्यात पोरे चपला हातात घेऊन शाळेला जातात. आकारणीपूर्वी आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते, हेही बहुतेकींना कोणी सांगत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी सूचना आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या प्रभागातून किती विकास-शुल्क जमा झाले आणि ते कशावर खर्च झाले, एवढे दोनच प्रश्न विचारावे. अर्ज मी लिहून आणला आहे. अल्पोपाहारानंतर दाराशी टेबलावर ठेवते. वाचून मगच सही करावी.