भीम अ‍ॅप आणि आपला अंगठा



आम्ही बँकेतील साधे कारकून. राजकारणावर किंवा विज्ञानावर अधिकाराने बोलावे एवढी आमची योग्यता नाही. परंतु वर्तमानपत्रातील मोठी बातमी चार दिवसांनी आमच्या काउंटरवर येऊन उभी राहते. तेथून जे दिसले, तेवढेच सांगतो.

आपला रत्नागिरी जिल्हा वर्षानुवर्षे मुंबईच्या मनिऑर्डरवर जगला. निरक्षर आईचा अंगठा घेताना पोस्टमन साक्षीदाराची सही घेत असे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली आणि ३० डिसेंबरला पंतप्रधानांनी 'भीम' अ‍ॅप जाहीर केले. ज्या महामानवाचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यांचे नाव पैशाच्या नव्या साधनाला मिळाले. आम्हांला अभिमान वाटला. पण नुसत्या नावाने कोणी साक्षर होत नाही.

२०२४ साली लाडकी बहीण योजना आली. दरमहा १५०० रुपये, आधारशी जोडलेल्या खात्यात. एक मावशी पैसे आले नाहीत म्हणून चौकशीला आल्या. पासबुक भरले, तर पैसे आले होते आणि मोबाइलवरून गेलेही होते. खात्याला नंबर शेजारच्या मुलाचा. मावशींकडे फोनच नव्हता. आम्ही पासबुकातील ओळीवर बोट ठेवले. त्यांनी ओळीकडे पाहिले नाही, आमच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना राग आला नव्हता, लाज वाटत होती. खरे तर लाज आपल्याला, शिकलेल्यांना वाटली पाहिजे.

अंगठ्याला साक्षीदार होता. पिनला कोणी नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने मुलाचा आवाजही हुबेहूब काढता येतो. पोलिसी वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' झाली म्हणून धमकावतो. अशी अटक कायद्यात नाही. लक्षात ठेवा, पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. फसगत झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

यंत्र नाकारा, असे आम्ही म्हणत नाही. यंत्राने माणसाला फुरसत मिळावी, असेच बाबासाहेबांचे मत होते. विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी घरातील एका वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. त्यांचे पासबुक त्यांना वाचून दाखवा, खात्याला नंबर कोणाचा आहे ते पाहा. पुढच्या रविवारी ते त्यांनाच वाचू द्या.