चांदोबातले शंकर

रात्रीची वेळ, वेडीवाकडी झाडं, कवट्या. त्यातून एक राजा चाललाय. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. एवढं सांगितलं की नांदेड-लातूरकडचा साठी ओलांडलेला वाचक लगेच नाव घेतो, विक्रम आणि वेताळ! ‘चांदोबा’ या मुलांच्या मासिकातलं हे गाजलेलं चित्र ज्यांच्या हातचं, ते चित्रकार शंकर. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन.

शंकर यांचा जन्म १९२४चा, तमिळनाडूतला. मद्रासच्या कलाशाळेत ते शिकले तेव्हा तिथे प्राचार्य होते नामवंत शिल्पकार देवीप्रसाद रॉयचौधरी. शिक्षण संपल्यावर काही वर्षं ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात काम केलं आणि मग ते ‘चांदामामा’त आले. तिथे जवळजवळ साठ वर्षं रमले.

‘चांदामामा’ १९४७च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला. नागी रेड्डी आणि चक्रपाणी ही त्यामागची जोडी. त्याचीच मराठी आवृत्ती, ‘चांदोबा’, आली १९५२मध्ये. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. अंक मद्रासला तयार व्हायचा. भाषेगणिक मजकूर बदलायचा, चित्रं मात्र तीच. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीच्या ज्या घरांत मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलल्या जात, तिथे कुठलाही अंक हाती आला तरी राजा तोच आणि वेताळही तोच. वाचता न येणारं पोरसुद्धा मोठ्यांच्या आधी गोष्ट ओळखायचं.

विक्रमाचं ते चित्र जरा निरखून पाहावं. भुताखेतांनी वेढलेला राजा घाबरलेला नाही. तो लढतही नाही, नुसता चालतोय. वेताळ दर महिन्याला नवी गोष्ट सांगायचा, नवं कोडं घालायचा. राजाने उत्तर दिलं की त्याचं मौन मोडायचं, वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. गोष्टी बदलत गेल्या, पण राजाची ती चाल वाचकांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

शंकर यांची रेघ बारीक आणि ठाम. दागिन्यांचे मणी, खांबांवरची नक्षी, धोतराच्या चुण्या, काहीही घाईत उरकलेलं नाही. त्यांच्या चित्रांत गोपुरं असायची, दाक्षिणात्य पेहराव असायचा. देगलूरजवळच्या होट्टलच्या मंदिरांवरची शिल्पं पाहिलेल्या मुलाला असल्या कमनीय आकृती काही परक्या वाटल्या नसतील. शंकर यांच्याच जोडीला ‘चित्रा’ या नावाने चित्रं काढणारे टी. व्ही. राघवनही होते. घरोघरी लाडक्या झालेल्या ‘चांदोबा’च्या रूपात या दोघांचा वाटा मोठा.

२९ सप्टेंबर २०२० रोजी शंकर गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या आठवणी निघाल्या की बहुतेक वेळा पुढे येतो तो हाच एक राजा. पण महाभारतातले दरबार, जत्रेतले व्यापारी, चुलीपुढची आई, झाडाखाली टेकलेला वाटसरू हेही त्यांनी तितक्याच मायेने काढले होते. कुणाच्या माळ्यावर जुने चांदोबा असतील, तर त्यांनी या वेळी वेताळाची पानं ओलांडून पुढची पानं उघडावीत.