मधल्या रेषेपलीकडे

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



कबड्डीच्या मैदानाच्या मधोमध एक रेषा असते. ती ओलांडल्याशिवाय चढाई होत नाही. महाराष्ट्राची सीमा ओलांडून परमुलखात मराठी शाळा उभारणाऱ्या आणि ती साठ वर्षे टिकवणाऱ्या समाजाला या रेषेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आज ज्या मुलीची कथा सांगायची आहे, ती मात्र कबड्डी खेळणारी नाही. ती अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्यातील बास्केटबॉलपटू आहे. तिचे नाव केटलिन क्लार्क. तिच्याही कथेत एक मधली रेषा आहे, आणि ती रेषा तिच्या जन्माच्या शंभर वर्षे आधीपासून आखलेली होती.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा शोध लावला. पुढच्या दीड वर्षाच्या आतच स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला. परंतु मुलींनी फार धावू नये, फार दमू नये, ही त्या काळाची समजूत होती. म्हणून मैदानाचे भाग पाडण्यात आले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळावे असा नियम झाला. आयोवातील शाळांत हा खेळ दीर्घकाळ सहा मुलींचा राहिला. तीन फॉरवर्ड एका अर्ध्या भागात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्या भागात. मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. चेंडू हातात आला की तो दोनदाच जमिनीवर आपटायचा. गुण मिळवायचे ते फॉरवर्डनी. गार्डनी केवळ प्रतिस्पर्ध्याला अडवायचे. गार्ड म्हणून शालेय जीवनातील सारे सामने खेळलेल्या मुलीच्या नावावर अखेरपर्यंत एकही गुण लागत नसे.

तरीही त्या राज्याने या खेळावर जीव लावला. १९२० पासून मुलींची राज्य स्पर्धा भरू लागली. लहानलहान गावे आपल्या मुलींचा सामना पाहण्यासाठी दुकाने बंद करून निघत. डेनिस लाँग ही १९६० च्या दशकातील अशीच गावोगावी गाजलेली खेळाडू. १९६९ साली पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने तिची निवड जाहीर केली आणि लीगच्या प्रमुखांनी ती रद्द ठरवली. मुलीने शाळेत कितीही कीर्ती मिळवली, तरी शाळेबाहेर तिच्यासाठी रस्ता नव्हता. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली, महाविद्यालयांत मुलींच्या संघांना हळूहळू स्थान मिळू लागले, आणि सहा जणींच्या त्या खेळाची शेवटची राज्य स्पर्धा आयोवात १९९३ साली झाली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, २२ जानेवारी २००२ रोजी, डी मॉइन शहरात केटलिनचा जन्म झाला. घरात दोन भाऊ. वडील महाविद्यालयात बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळलेले. तिच्या वयाच्या मुलींचा संघ मिळेना, म्हणून वडिलांनी तिला मुलांच्या संघातून खेळवले. घरासमोरच्या काँक्रीटच्या जागेत तीन गुणांची रेषा पुरी आखता येत नव्हती. मुलीने हट्ट धरला. वडिलांनी हिरवळीचा तुकडा काढून काँक्रीट वाढवले. पालकांनी ही छोटी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे जगाने पाहिलेल्या लांब पल्ल्याच्या फेकींची पहिली जमीन ही अशी, अंगणातली हिरवळ उकरून तयार झालेली होती.

बालपणीची आणखी एक आठवण ती स्वतः सांगत आली आहे. वडील तिला कित्येक तासांचा प्रवास करून मिनियापोलिसला व्यावसायिक महिलांचा सामना दाखवायला घेऊन गेले. माया मूर ही तिची आवडती खेळाडू. सामन्यानंतर ती समोर दिसली. पण स्वाक्षरी घ्यायला जवळ पेन नव्हते. त्या लहान मुलीने धावत जाऊन तिला मिठी मारली. माया मूर रेषेपलीकडे पोहोचलेली होती, आणि तिला पाहून एका लहान मुलीला आपलीही वाट दिसली.

देशातील नामांकित विद्यापीठे बोलावत असताना केटलिनने घरापासून दोन तासांच्या अंतरावरचे आयोवा विद्यापीठ निवडले. तेथील तेव्हाच्या मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर याच राज्याच्या मातीतल्या. त्यांच्या तेव्हाच्या सहकारी जॅन जेन्सन या तर सहा जणींच्या जुन्या खेळातील नामांकित फॉरवर्ड. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांची होती. ज्यांनी ती रेषा स्वतः अनुभवली होती, त्यांच्या हाताखाली केटलिन घडली.

ती गार्ड म्हणून खेळू लागली. नाव तेच, काम मात्र पार बदललेले. आजची गार्ड चेंडू पुढे आणते, संपूर्ण मैदान नजरेत ठेवते, कोण मोकळी आहे हे क्षणात ओळखून पास देते आणि संधी मिळताच स्वतः बास्केट साधते. २०२० च्या नोव्हेंबरात, महासाथीच्या काळात, जवळजवळ रिकाम्या सभागृहात तिचा पहिला सामना झाला. तिने २७ गुण केले. पहिल्याच हंगामात सरासरी गुणांत ती देशात पहिली आली. दुसऱ्या हंगामात गुण आणि असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास, या दोहोंच्या सरासरीत ती अव्वल ठरली. त्या स्तरावरील महिलांच्या खेळात एकाच हंगामात हे यापूर्वी कोणालाही साधले नव्हते. बास्केटखाली उभ्या असलेल्या मोनिका सिनानोच्या हातात तिचे कितीतरी पास अचूक पोहोचले आणि त्यांचे गुण झाले.

मात्र ही चढण सरळ नव्हती. धाडसी पास देताना ती चेंडूही पुष्कळ गमावत असे. पंचांवर चिडणे, हातवारे करणे, हे तिचे दोष साऱ्या देशाने पाहिले. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचा मानांकित संघ दुसऱ्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, क्रेटन विद्यापीठाकडून दोन गुणांनी हरला. निर्णायक फेक करणारी प्रतिस्पर्धी खेळाडू त्याआधीच्या वर्षी आयोवाच्याच संघात होती. असा पराभव मनाला लागतो. केटलिन आणि तिच्या सहकारी तो घेऊन सरावाला परतल्या.

पुढच्याच वर्षी, २०२३ साली, आयोवा तीस वर्षांनंतर प्रथमच अंतिम चार संघांत पोहोचले. लुईव्हिलविरुद्ध केटलिनने ४१ गुण, १० रिबाउंड आणि १२ असिस्ट केले. उपांत्य सामन्यात पुन्हा ४१ गुण करून तिने सलग ४२ सामने जिंकलेल्या साउथ कॅरोलिनाला रोखले. अंतिम सामना मात्र लुइझियानाच्या संघाने १०२–८५ असा जिंकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आयोवाच्या फुटबॉल मैदानावर मुलींचा एक प्रदर्शनीय सामना ठेवण्यात आला. त्या दिवशी ५५,६४६ प्रेक्षक आले. महिलांच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी याआधी कधीच झाली नव्हती. तीन वर्षांपूर्वीचे रिकामे सभागृह आठवले, की या आकड्याचा अर्थ कळतो.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध सामना सुरू होऊन जेमतेम दोन-अडीच मिनिटे झाली असतील. केटलिनने डाव्या बाजूने, मधल्या रेषेपासून काही पावलांवरून, तीस फुटांहून लांबची फेक केली. चेंडू जाळ्यात उतरला आणि केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा विक्रम मागे पडला. ज्या राज्यात गार्डला मधल्या रेषेपलीकडे पाऊल टाकण्यास आणि बास्केटकडे चेंडू टाकण्यास मनाई होती, त्याच राज्यातील एका गार्डने त्याच रेषेजवळून हा विक्रम केला.

पण येथेच एक प्रश्न उभा राहिला. तो विक्रम खरोखर सर्वोच्च होता का? कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडार्ड यांनी १९८१ पर्यंत ३,६४९ गुण केले होते. परंतु त्या काळी महिलांच्या स्पर्धा वेगळ्या संघटनेकडे होत्या. पुढे पुरुषांच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने महिलांच्या स्पर्धा हाती घेतल्या, तेव्हा आधीच्या मुलींचे गुण तिच्या विक्रमांच्या यादीत आले नाहीत. वुडार्ड मोठ्या आकाराच्या, पुरुषांच्या चेंडूने खेळल्या. त्यांच्या काळी तीन गुणांची रेषाही नव्हती. त्यांचा पराक्रम खरा होता; फक्त ज्या वहीत तो लिहिला होता, ती वही बाजूला पडली होती.

केटलिनच्या निमित्ताने ती वही पुन्हा उघडली गेली. वृत्तपत्रांनी, प्रशिक्षकांनी वुडार्ड यांचे नाव घ्यायला सुरुवात केली. २८ फेब्रुवारीला केटलिनने त्यांचाही आकडा ओलांडला, आणि ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध पीट मॅराविच यांचा ३,६६७ गुणांचा, पुरुषांमधील सर्वोच्च आकडा मागे टाकला. मॅराविच यांनी तो तीनच हंगामांत केला होता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्या दिवशी सभागृहात लिनेट वुडार्ड स्वतः उपस्थित होत्या आणि प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत केले. चार दशकांहून अधिक काळानंतर मिळालेला हा मान केटलिनच्या साऱ्या आकड्यांइतकाच मोलाचा आहे.

तिची महाविद्यालयीन कारकीर्द ३,९५१ गुणांवर थांबली. राष्ट्रीय विजेतेपद तिला मिळाले नाही. ७ एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात तिने ३० गुण करूनही साउथ कॅरोलिनाने ८७–७५ असा विजय मिळवला. विजेत्या संघाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी चषक स्वीकारताना, या खेळाला उंचीवर नेल्याबद्दल, पराभूत संघातील केटलिनचे जाहीर आभार मानले. तो सामना दूरचित्रवाणीवर १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या सामन्याहून अधिक प्रेक्षक लाभण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर आठ दिवसांनी व्यावसायिक लीगमध्ये इंडियाना संघाने तिची पहिली निवड केली. त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच ठरली. एका हंगामातील तोपर्यंतच्या सर्वाधिक, म्हणजे ३३७ असिस्टचा विक्रमही तिने नोंदवला. पण तिचे लीगमधील पहिल्या वर्षीचे वेतन होते ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये प्रथम निवडल्या गेलेल्या तरुणाला एक कोटी डॉलरहून अधिक मिळाले. मैदानावरची रेषा पुसली गेली; पगाराच्या वहीतली अजून शिल्लक आहे. २०२५ चा हंगामही दुखापतींनी ग्रासला आणि तिला केवळ १३ सामने खेळता आले. चढाई संपलेली नाही.

या कथेतून आपल्या शाळेने काय घ्यावे? प्रत्येक मुलगी केटलिन होणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. परंतु मधल्या सुट्टीत मैदान कोणाच्या ताब्यात असते, दहावीचे वर्ष आले की कोणाचा खेळ आधी बंद होतो, मुलींच्या सामन्याला किती पालक येऊन बसतात, हे प्रश्न प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक घराला लागू आहेत. अंगणातली थोडी हिरवळ काढण्याची तयारी पालकांना दाखवता येईल. रिकाम्या बाकांवर जाऊन बसणे माजी विद्यार्थ्यांना जमेल.

आणि शाळेलाही एक काम करता येईल. साठ वर्षांत या मैदानावर खेळलेल्या कितीतरी मुलींची नावे जुन्या हजेरीपटांत, पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांच्या मागे, एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या आठवणीत पडून असतील. त्यांतील काही आज आज्या झाल्या असतील. आपण कधी खेळत होतो हे त्यांनी घरी सांगितलेही नसेल. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ती नावे शोधून लिहून काढावीत आणि त्या आज्यांना सन्मानाने मैदानावर बोलवावे. पुढच्या पिढीतली एखादी मुलगी जेव्हा त्यांचा विक्रम मोडेल, तेव्हा तो कोणाचा होता, हे तिला ठाऊक असावे.

शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.