रजेवरचें उत्तर



आलेल्या पत्राची पोंच देणें हा सभ्य गृहस्थाचा धर्म आहे, असें मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. परंतु पोंचेलाहि मर्यादा असावी लागते, हा धडा मला निवृत्तीनंतर एका यंत्रानें दिला. तोच आज आपणांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

साताऱ्यास आम्ही कांहीं निवृत्त शिक्षक गरजू विद्यार्थ्यांसाठीं लहानसा शिष्यवृत्ति-निधि चालवितों. अर्ज ई-मेलनें येतात. अर्जदाराच्या जिवाला घोर नको, म्हणून प्रत्येकास "आपलें पत्र मिळालें" असें उत्तर आपोआप जावें, अशी व्यवस्था मींच आग्रहानें करविली होती. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. माहुलीच्या संगमावरून पुढें गेलेलें पाणी सांगलीच्या पेठांत शिरलें. तेथील एका संस्थेनें आपल्या पत्त्यावर असेंच आपोआप जाणारें उत्तर लावलें होतें: "पुरामुळें कचेरी बंद आहे." आम्हीं त्या संस्थेस रात्रीं एक साधें चौकशीचें पत्र धाडलें. तिच्या यंत्रानें उत्तर दिलें; आमच्या यंत्रानें त्या उत्तराची पोंच दिली; त्या पोंचेला पुन्हां उत्तर आलें. माणसें निजलीं होतीं, यंत्रें जागीं होतीं. प्रत्येक उत्तराला मागचें सारें पत्र जोडलेलें असल्यानें त्याचा आकारहि वाढत गेला. उजाडण्यापूर्वीं आमची पेटी कांठोकांठ भरली.

एवढ्यावरच भागलें असतें, तर हंसण्यावारी नेलें असतें. पण त्याच सकाळीं सांगलीच्या एका मुलीनें, घरांत पाणी असतां, नातलगाच्या फोनवरून आपला अर्ज धाडला. "पेटी भरली आहे" अशा इंग्रजी शेऱ्यानिशीं तो परत गेला. अर्ज नाकारला, असा तिनें त्याचा अर्थ केला. मुदत उलटल्यावर तिच्या बाईंचा मला फोन आला, तेव्हां सारें उघडकीस आलें. आम्हीं अर्ज घेतला; परंतु मधले दिवस त्या पोरीनें कसे काढले असतील, या विचारानें मी आजहि ओशाळतों.

माझा एक जुना विद्यार्थी टपालाचे सर्व्हर सांभाळतो. सारें तपासून तो म्हणाला, "सर, तुमचें यंत्र सभ्य आहे, पण विसरभोळें आहे. आपण कोणाला उत्तर दिलें, याची तें नोंदच ठेवीत नाहीं."

हा रोग जुना आहे आणि त्यावरील औषधहि जुनें आहे. युनिक्स संगणकांसाठीं एरिक ऑलमन यांनीं ‘व्हेकेशन’ नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. तो रजेवरील माणसाच्या वतीनें उत्तर देई. मात्र एका माणसास सामान्यतः आठवड्यांतून एकदांच. पुढें २००४ सालीं इंटरनेटच्या ‘आरएफसी ३८३४’ या नियमपत्रकांत हा शिष्टाचार नीट लिहिला गेला. त्याचें सार चार वाक्यांत सांगतां येईल. एकाच पत्त्यास सात दिवसांत दुसऱ्यांदा तेंच उत्तर देऊं नये. ज्या पत्राच्या माथ्यावर ‘ऑटो-सबमिटेड’ अशी यंत्राची खूण आहे, त्यास उत्तरच देऊं नये. आणि आपल्या आपोआप जाणाऱ्या पत्रावर ती खूण न चुकतां करावी. चौथें असें, कीं अशा उत्तराच्या लिफाफ्यावर प्रेषकाची जागा कोरी ठेवावी, म्हणजे तें न पोंचल्यास त्याची तक्रार उलट येऊन नवा घोळ होत नाहीं.

आमच्या सर्व्हरवर ‘सीव्ह’ म्हणजे चाळण या नांवाची सोय होतीच. तिच्यांतील ‘व्हेकेशन’ या आज्ञेपुढें ‘डेज’ हा शब्द आणि ७ हा आंकडा लिहिला, कीं सर्व्हर वही ठेवूं लागतो. ही वही मोठी समंजस आहे. "कचेरी बंद आहे" हा मजकूर बदलून आपण "कचेरी सोमवारीं उघडेल" असें लिहिलें, तर तें नवें उत्तर समजून तो पूर्वींच्या माणसासहि एकवार कळवितो. तेव्हां मर्यादा घातली म्हणून खरी बातमी अडत नाहीं. अडते ती केवळ पुनरुक्ति.

आम्हीं मात्र ही सोय सोडून, "पत्र आलें कीं उत्तर धाड" असा घरगुती नियम लावला होता! माझ्या विद्यार्थ्यानें तो काढला, आणि शिवाय एका पत्त्याकडून तासाभरांत किती पत्रें घ्यावीं याचीहि सीमा सर्व्हरवर बांधली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ४० फुटांची इशारा-पातळी आणि ४५ फुटांची धोका-पातळी ठरलेली आहे. ती पाणी चढल्यावर ठरवीत नाहींत. आधींच ठरवून ठेवितात. ही सीमाहि तशीच आहे.

आपल्या घरांत, शाळेंत वा संस्थेंत रजेचें उत्तर लावतांना एवढेंच विचारा: हें उत्तर एका माणसास किती वेळां जाईल? समोर माणूस नसून यंत्र असेल, तर काय होईल? पोंच द्यावी, अवश्य द्यावी. पण आपण ती दिली आहे, हें लक्षांत ठेवावें. नाहींतर आपल्या सौजन्याच्या ढिगाऱ्याखालीं एखाद्या गरजवंताची हांक दडपून जाते.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.