उत्तराची वाट

श्रोतेहो, नोकरीची मुलाखत अर्ध्या तासात आटोपते. तिच्या उत्तराची वाट मात्र माणसाचे दिवसच्या दिवस खाऊन टाकते. याचा प्रत्यय मला अलीकडेच गुरसरायला आला.

गुरसराय हे झाशी जिल्ह्यातले, झाशीच्या पूर्वेकडचे एक लहानसे गाव. अठराव्या शतकात गोविंदपंत बुंदेले, म्हणजे कोकणातले गोविंद बल्लाळ खेर, पेशव्यांच्या वतीने बुंदेलखंडाचा कारभार पाहू लागले. पुढे खेरांच्या घराण्याकडे गुरसरायची जहागीर राहिली. त्या काळी इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरी अजून मराठी बोलली जाते. तिला बुंदेलीचा गोड हेल असतो, इतकेच.

माझा भाचा तिथेच वाढला. कायद्याची पदवी घेऊन तो दिल्लीच्या एका मोठ्या वकिली पेढीत मुलाखत देऊन आला होता. निरोप देताना त्याला सांगण्यात आले, “आम्ही कळवू.” त्या दोन शब्दांचे त्याने किती अर्थ लावले असतील! ते म्हणताना वरिष्ठ वकील हसले होते, हे शुभचिन्ह. पण त्यांनी कागद मिटून ठेवले होते, हे अशुभ. पूर्वी अशी माणसे पोस्टमनची वाट पाहत दारात उभी राहत. भाचा जेवताना, बोलताना, रात्री दचकून उठल्यावरही हातातला फोन पाही. त्याच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज झालेले होते. म्हणून घरातले कोणी काही विचारत नसे, आणि ते न विचारणेच त्याला अधिक जड जाई.

एकदा मी म्हणालो, “अरे, मौन म्हणजे संमती म्हणतात ना?” तो खिन्नपणे हसला. “मामा, ते संस्कृतात. आमच्या १८७२ च्या करार कायद्यात स्वीकृती कळवावी लागते. नुसत्या मौनातून काही पदरात पडत नाही.”

तेव्हा मला कॉर्नेलिया सोराबजींची आठवण झाली. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या या विदुषीने १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली; पदवी हाती पडली १९२२ साली. ज्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अधिकारात गुरसराय येते, त्याचीच वकिलीची परीक्षा त्या १८९९ मध्ये उत्तीर्ण झाल्या; पण स्त्री म्हणून त्यांना सनद नाकारली गेली. ती मिळायला १९२१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्या दाराशी बसून राहिल्या नाहीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. ज्यांचे गाऱ्हाणे पडद्याबाहेर पोहोचत नव्हते, त्यांना उत्तर मिळवून देण्याचे ते काम होते.

मी ही हकीकत भाच्याला उपदेश म्हणून सांगितली नाही. बावीस वर्षे वाट पाहायला लावणारी व्यवस्था काही आदर्श नव्हे. तिची थोरवी गाण्याचेही कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी तो गावातल्या एका वृद्ध वकिलांबरोबर गरौठ्याच्या तहसील कचेरीत गेला. तिथे एक विधवा बाई नवऱ्याच्या पश्चात शेतीच्या कागदावर आपले नाव लावून घेण्यासाठी कित्येक महिने हेलपाटे घालीत होती. तिला कोणी ‘होय’ म्हणत नव्हते आणि ‘नाही’ही म्हणत नव्हते. भाच्याने तिचे कागद तपासले. कोणता दाखला कमी आहे, तो कुठे मिळेल, हे एका कागदावर लिहून त्याच संध्याकाळी तिच्या हाती दिले.

घरी आल्यावर तो म्हणाला, “मामा, तिचे काम अजून झालेले नाही. पण आपण कुठे अडलो आहोत हे कळले, एवढ्यानेच तिचा चेहरा बदलला.”

श्रोतेहो, नकाराचे दुःख असते; पण त्याला एक शेवट असतो. माणूस डोळे पुसून दुसऱ्या वाटेला लागू शकतो. अनुत्तरित माणसाला तेवढीही मोकळीक नसते. ज्यांच्या टेबलावर दुसऱ्यांचे अर्ज पडलेले असतात, त्यांना नकार कळवायला दोन ओळी पुरतात.

मी गुरसरायहून निघालो तोवर दिल्लीचे उत्तर आलेले नव्हते. भाचा मला बसपर्यंत पोहोचवायला आला होता. वाटेत त्याचा फोन वाजला. त्या बाईचा होता. त्याने तो लगेच उचलला.