बेणे विचारून घेतो, मग बुरशी का नाही?



कीटकांना रोग जडवणाऱ्या बुरशींच्या जनुकीय विविधतेवर परिषद भरवायची तर शहरात सभागृहांना तोटा नव्हता. आम्ही हट्टाने आपणा शास्त्रज्ञांना इकडे वारणाकाठी बोलावले, कारण हुमणी इथे आहे. वळीव पडला की भुंगेरे जमिनीतून निघतात आणि तिन्हीसांजेला बाभळी-कडुनिंबावर गोळा होतात. पुढे पावसाळाभर त्यांच्या अळ्या उसाची मुळे खातात. पाने पिवळी पडतात, आणि बेट धरून ओढले तर अलगद उपटून येते.

या अळीवर मेटारायझियम ही बुरशी वापरा, असे आम्हाला सांगितले जाते. सल्ला जुना आणि खरा आहे. १८७९ साली मेचनिकोव्ह यांनी ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी हीच हिरवी बुरशी अभ्यासली होती. त्याआधी १८३५ साली इटलीतल्या अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांना मारणारा पांढरा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवले. ती आजची बिव्हेरिया. आपल्याकडे ती मित्रबुरशी. रेशीमवाल्या शेतकऱ्याची मात्र ती वैरीणच. शेजारी तुती असेल तर फवारणीआधी त्याला विचारावे, हे जाता जाता सांगतो.

माझे गाऱ्हाणे बुरशीच्या पुडीबद्दल आहे. बेणे घेताना आम्ही नुसता ‘ऊस द्या’ म्हणत नाही; ८६०३२ की २६५, हे विचारतो. बुरशी मात्र नुसत्या नावावर घेतो. २००९ साली बिशॉफ, रेहनर आणि हंबर यांनी अनेक जनुके ताडून पाहिली, तेव्हा मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली या एका नावाखाली नऊ स्वतंत्र जाती निघाल्या. त्यांतली अ‍ॅक्रिडम ही टोळ-नाकतोड्यांपलीकडे सहसा जात नाही. आफ्रिकेत टोळांवर तीच वापरली गेली. रॉबर्ट्सी मात्र नाना प्रकारच्या किडींना लागते, शिवाय पिकाच्या मुळांशी वस्ती करते. एका जातीतही सगळे वाण सारखे नसतात. एखादा ऊन सोसतो, एखाद्याची वाढ उन्हाळी तापमानात अडते. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर पुन्हा पुन्हा वाढवलेला वाण मवाळ होतो. त्याला परत किड्यातून काढावे लागते.

हे सारे पुडी विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून गुण आला नाही की शेतकरी म्हणतो, ‘बुरशी खोटी’, आणि दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही ओल बघितली नाही’. ओलीचे म्हणणे बरोबरच आहे. कोरड्या मातीत बीजाणू रुजत नाहीत. पण आतला वाण कोणत्या मातीतला, कोणत्या किडीवरून घेतलेला, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर मिळाले तर माझ्या मते अर्धा वाद तिथेच मिटेल.

उद्या सकाळी शिवारफेरी आहे. उसाच्या मुळाशी कडक होऊन मेलेल्या, अंगावर हिरवी भुकटी धरलेल्या अळ्या सापडतील. त्या जरूर न्या, त्यांची जनुके वाचा, आणि वाण जतन करताना नोंदीत गावाचे व शेताचे नाव घाला. त्यातून उत्पादन निघाले तर वाणाचा क्रमांक पुडीवर मराठीत छापायला लावा. निष्कर्ष इंग्रजीत प्रसिद्ध होतीलच; त्यांचे एक पान मराठीत आमच्या ग्रामपंचायतीलाही पाठवा, एवढी विनंती करतो.